कंबरेला बांधलेला वारा

मेख ठोकणं हे काही कौतुकाचं काम नाही. हवेचा किल्ला उभा राहिला की पोरं किल्ल्याकडे बघतात, आईबाप पोरांकडे आणि मालक गर्दीकडे. मेखेकडे बघतो तो फक्त तिला अडखळलेला माणूस, आणि तोही शिव्या घालण्यापुरता. हर्षदा मोहिते हिने मात्र उमेदीची सगळी वर्षं मेखा, दोर आणि वारा यांच्यात घालवली. लोकांना वाटायचं, पोरीला शास्त्राची भारी आवड आहे. आवड कसली! पोरीला एका माणसाच्या बरगड्या आवळायच्या होत्या.

तो माणूस म्हणजे जालिंदर पवळे, आणि जागा म्हणजे करंजमाळ. उघडाबोडका माळ. वर वीतभर माती, खाली अखंड काळा खडक आणि क्षितिजावर पवनचक्क्या. झाड म्हणाल तर माळजाईच्या देवळामागे एक लिंब. चैत्रात देवीची यात्रा भरते तेव्हा दुपारी जमिनीवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि त्या तापलेल्या मातीतून वावटळी उठतात. अशा ठिकाणी ब्लोअरने हवा भरलेला कापडी किल्ला उभारायचा, आत पोरं उड्या मारायला सोडायची, म्हणजे तो जमिनीला घट्ट बांधण्यावरच सगळं आलं.

हर्षदा लहान होती तेव्हा या खडकात मेख जात नसे. घण घातला की ठिणग्या उडायच्या आणि मेख वाकायची. म्हणून जालिंदर आपला किल्ला पाण्याच्या पिंपांना बांधायचा. भरलेलं पिंप दोन गड्यांनाही हलत नाही, तेव्हा युक्ती काही वाईट नव्हती. पण दुष्काळी माळावर, यात्रेच्या गर्दीत, पाण्याचं पिंप हे पाण्याचं पिंपच असतं. शिवाय पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, ही त्या मुलखाची रीत. रसवंतीवाला आला, ग्लास विसळायला पाणी हवं म्हणाला. जालिंदर म्हणाला, "घे की, सांच्याला टँकर यायचाय." मग बर्फाच्या गोळ्याची गाडी आली, मग भजीवाला आला. दुपारपर्यंत पिंपं अर्ध्यावर आली आणि दानशूर जालिंदर रसवंतीच्या मांडवात आलं-लिंबू घातलेला रस पीत बसला.

मग वावटळ उठली. किल्ला पिंपांसकट उचलला गेला. बाकीची पोरं कडेने घरंगळली, त्यांचं खरचटण्यावर निभावलं. हर्षदाचा धाकटा भाऊ सुजय बुरुजात अडकून वर गेला आणि खडकावर पडला. तो सात वर्षांचा होता.

चौकशी झाली. उलटलेल्या पिंपांतलं पाणी मातीने केव्हाच पिऊन टाकलं होतं. जालिंदरने सांगितलं, पिंपं काठोकाठ भरलेली होती, माळजाईचा कोप झाला, त्याला मी काय करणार? चौकशीवाल्यांनी मान डोलावली आणि नैसर्गिक आपत्ती म्हणून प्रकरण मिटवलं. हर्षदा त्या दुपारी लाल गोळा चोखत पिंपांपाशीच उभी होती. पाणी कसं उपसलं गेलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन तिने आईला सांगितलं, तर आईने, छायाने, तिच्या तोंडावर हात दाबला. "बोलायचं न्हाई. कुणापाशी न्हाई." जालिंदर सरपंचाचा मेहुणा होता. त्यानंतर त्या घरात त्या दिवसाबद्दल एक शब्द निघाला नाही. हर्षदाने जालिंदरला माफ केलं नाही, आणि खरं सांगायचं तर आईलाही केलं नाही.

आता थोडं शास्त्राचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मधल्या वीसेक वर्षांत मेखा सुधारल्या. खडकात बोटभर भोक पाडायचं, त्यात एका खास मिश्रधातूची मेख सोडायची आणि तिला ऊब द्यायची. गरम झाला की तो धातू आपला मूळचा जाड आकार परत घेतो आणि खडकाला आतून धरून बसतो. मेखेच्या मानेत काचेचा एक तंतू असतो. दोर ताणला की तंतूतून जाणारा प्रकाश बदलतो, त्यामुळे कुठला दोर किती ओढतोय हे क्षणाक्षणाला कळतं.

कळून करायचं काय, हा प्रश्न उरला. भोंगे लावले, तर जरा झुळूक आली की ते बोंबलायचे, म्हणून मालकांनी त्यांत चिंध्या कोंबल्या. लाल दिवे लावले, त्यांच्यावर चिकटपट्ट्या आल्या. ताण वाढला की ब्लोअर आपोआप बंद पडावा, असंही करून पाहिलं. पण हवा गेली की भिंती आतल्या पोरांवरच कोसळतात आणि दारात चेंगराचेंगरी होते. आधी पोरं बाहेर काढायला माणूसच लागतो, आणि माणूस बसलेला रसवंतीत.

हर्षदा तेव्हा पुण्यात कृत्रिम हातांसाठी स्नायू बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. वीज दिली की आखडणारे, वीज काढली की सैल पडणारे धागे तिथे तयार व्हायचे. एका चाचणीत असा धागा तिच्याच मनगटावर आखडला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डोळे मिटता येतात, कान बुजवता येतात, पण स्वतःची कंबर माणूस कुठे नेणार?

तिने त्या धाग्यांचा, कंबरेपासून खालच्या बरगड्यांपर्यंत येणारा रुंद पट्टा विणला. किल्ल्याच्या दोरांवर जेवढा ओढा येईल त्याचा एक बारीक हिस्सा मालकाच्या कंबरेला आवळणार. ज्या बाजूचा दोर ताणला त्या बाजूची कूस दाबली जाणार. पट्टा कंबरेला असेल तोवरच ब्लोअर पुरता चालणार. बक्कल उघडलं की ब्लोअर मंदावून किल्ला हळूहळू खाली बसणार. आणि पोरं आत असताना बक्कल उघडणाऱ्याचा परवाना जन्माचा रद्द, वर तुरुंग. कायदा झाला आणि दोन-तीन हंगामांत मालक मंडळी बदलूनच गेली. बोलता बोलता गप्प होऊन आभाळाकडे बघायची त्यांना सवय लागली. एकाची बायको सांगायची, घरात पंखा लावला तरी हे झोपेतून "पोरं काढा" म्हणून ओरडत उठतात. काहींनी धंदा सोडून चहाच्या टपऱ्या टाकल्या. उरले त्यांच्या किल्ल्यांतून पोर पडल्याचं पुन्हा ऐकू आलं नाही.

हर्षदाला शाली मिळाल्या, श्रीफळं मिळाली. तिला त्याचं काही नव्हतं. ती जिल्ह्याच्या यात्रा सुरक्षा कक्षात नोकरीला लागली आणि मांजराने उंदराच्या बिळाशी बसावं तशी बसून राहिली. अखेर एका चैत्रात जालिंदर पवळेचा अर्ज आला. सुजय गेल्यापासून त्याने करंजमाळ टाळलं होतं आणि किल्ल्याचा धंदाही बंद ठेवला होता, त्यामुळे पट्टा कधी बांधला नव्हता. आता त्याला वाटलं असावं, लोक विसरले. पट्टा जुळवायच्या कामावर हर्षदाने स्वतःचंच नाव टाकलं.

यात्रेच्या सकाळी ती माळावर पोचली तेव्हा किल्ला फुगून तयार होता. चार बुरूज, मधे घसरगुंडी, दारावर दोन सिंह. जालिंदर आता साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या मिशांचा आण्णा झाला होता.

"अगं, छायावैनीची पोरगी न्हवं तू? केवढी झालीस!" तो मोठ्यांदा हसला. "आपल्याच गावची सायबीण म्हटल्यावर आता मला काय घोर न्हाई बघ. चहा सांगू का रस?"

"रस नको," हर्षदा म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर काही हललं का, ते तिने निरखून पाहिलं. काही नाही. सुजयचं नाव सोडा, त्याची सावलीसुद्धा त्या चेहऱ्यावर पडली नाही. हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात कुठे थोडी चलबिचल शिल्लक असलीच तर ती तिथेच संपली.

तिने मेखा एकेक करून तपासल्या. त्यांत तिने काडीचीही कसूर केली नाही, कारण मेखा पोरांसाठी होत्या. पट्टा जालिंदरसाठी होता. हातातल्या यंत्रावर तिने ओढ्याचं प्रमाण नेहमीच्या तिप्पट केलं. बेत साधा होता. तिप्पट ओढा कुणी तासन्‌तास सोसत नाही. दुपारचा वारा सुटला की जालिंदर कासावीस होऊन बक्कल उघडणार. किल्ला हळूच खाली बसेल, ती दारातच उभी असेल, पोरांना बाहेर ओढेल, कुणाला ओरखडाही येणार नाही. आणि जालिंदर पवळे भर यात्रेत, सुजय पडला त्याच खडकावर, गुन्हेगार म्हणून उभा राहील.

एक गोष्ट मात्र तिने धरली नव्हती. मालकाने पट्टा घालण्याआधी यात्रा कमिटीतल्या कुणीतरी तो घालून बघायचा, असा नियम होता. एरवी कुणीतरी हौशी गडी शर्टावरून पट्टा अडकवायचा, चार जण हसायचे आणि काम उरकायचं. या वर्षी कमिटीची अध्यक्ष छाया होती. ती पदर खोचून पुढे आली.

"आण, मी घालते."

"आई, तू कशाला? कुणालातरी सांग की दुसऱ्या."

"का? मला कंबर न्हाई का?"

लोक हसले. हर्षदाला हसू येईना. तिने आईच्या कंबरेला पट्टा बांधला. सकाळची नुसती झुळूक होती. नेहमीच्या पट्ट्यात अशा झुळुकीला कुणीतरी पाठीमागून पदर ओढावा एवढंच जाणवतं. झुळूक आली, सिंहांच्या बाजूचा दोर जरासा ताणला आणि छायाचे ओठ घट्ट मिटले. तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं. हर्षदाने यंत्रावरची नजर काढली नाही.

"बराबर हाय," छाया म्हणाली.

हर्षदाने सुटकेचा श्वास टाकला. आईला काय ठाऊक, बरोबर म्हणजे किती ते! छायाने पट्टा सोडला, स्वतः जालिंदरच्या कंबरेला गुंडाळला आणि अंगठ्याने बक्कल दाबून बसवलं. "आण्णा, सोडू नका बरं का," ती म्हणाली आणि देवळाकडे निघून गेली.

ऊन चढलं तसा वारा जागा झाला. आधी जालिंदर विनोद करत होता, "ह्यो पट्टा माजं पोट कमी करतोय, डॉक्टरपेक्षा बरा." मग विनोद थांबले. मग तो खांबाला टेकला. वाऱ्याच्या प्रत्येक झोताला त्याचा चेहरा वाकडा व्हायचा आणि हर्षदाच्या काळजाला थंडावा मिळायचा. लपवण्यात अर्थ नाही, तिला ते फार आवडत होतं. एवढी वर्षं ज्या दोरांची ओरड कुणी ऐकली नाही, ती आता एका माणसाच्या घशातून येत होती.

"ताई," तो शेवटी म्हणाला. घामाने त्याची टोपी भिजली होती. "ह्ये जरा जास्तच आवळतंय का?"

"वारा जास्त आहे, आण्णा."

"शेजारच्या घसरगुंडीवाल्याला काय व्हईना ते."

"त्याची हवेची घसरगुंडी बुटकी आहे. तुमचा किल्ला केवढा थोरला!"

जालिंदरचा हात बक्कलाकडे गेला. आत पंधरावीस पोरं किंचाळत उड्या मारत होती. ती दाराच्या आणखी जवळ सरकली आणि मनातल्या मनात म्हणाली, उघड. उघड, मेल्या. त्याने हात बक्कलावर ठेवला, डोळे मिटले, कण्हला, आणि हात मागे घेतला.

असं पुन्हा पुन्हा झालं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता हा उघडणार, आणि प्रत्येक वेळी तो नुसता कण्हायचा. दुपार पार टळत आली तेव्हा तो एकाएकी ताठ झाला. उलट, वारा तर आता पडला होता. पताका गळून खाली लोंबत होत्या. शेजारचा घसरगुंडीवाला सुपारी कातरत बसला होता.

"पोरं काढा," जालिंदर म्हणाला.

"काय झालं?" हर्षदाने विचारलं.

"ठावं न्हाई. चारी बाजूंनी आत ओढतंय. काढा पोरं, ताई, काढा म्हणतो ना!"

यालाही शास्त्र आहे. वावटळ उठते ती आधी आजूबाजूची हवा हलकेच स्वतःकडे ओढून घेते. ती ओढ इतकी मंद असते की पताका हलत नाही आणि नेहमीच्या पट्ट्यालाही ती कळत नाही. तिप्पट आवळणाऱ्या पट्ट्याला ती कळली होती. हर्षदाला हे क्षणात उमगलं आणि तिने देवळाच्या मागे पाहिलं. लिंबाच्या पलीकडे तांबूस धुळीचा खांब उभा राहत होता.

जालिंदरने दारात पाय रोवले आणि पोरांना दंडाला धरधरून बाहेर ओढायला सुरुवात केली. हर्षदाही ओढत होती. त्याचं बघून घसरगुंडीवाल्यानेही सुपारी फेकली आणि आपली पोरं उतरवली. आया धावत आल्या. किल्ला रिकामा झाला असं वाटलं तोच एक बाई ओरडली, "माझी गार्गी कुठाय?" गार्गी मागच्या बुरुजात होती. घाबरून कापडाच्या घडीत शिरून बसली होती.

हर्षदा आत घुसली. हवेच्या फरशीवर पाय ठरेना, ती रांगत निघाली. मागून जालिंदरचा आवाज आला, "तू काढ तिला, मी हाय हितं!"

बुरुजाच्या दाराशी ती पोचली तेव्हा वारा किल्ल्यावर येऊन आदळला. सगळा किल्ला एका अंगावर कलला आणि ती भिंतीवर आपटली. त्या क्षणी तिला आपली चूक दिसली. किल्ला हळूच खाली बसेल, असा तिचा हिशेब होता. तो हिशेब वारा नसलेल्या जागेचा होता. या वाऱ्यात हवा कमी झालेला किल्ला बसणार नव्हता, तो शिडासारखा फडफडणार होता आणि आतल्या माणसाला खडकावर आपटणार होता. वाऱ्याचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेल्या बाईने सूड आखताना वारा धरलाच नव्हता. आणि आता ती स्वतः आत होती, कुणा बाईची लेक तिच्या हाताला लागायची होती, आणि बाहेर तिने तिप्पट केलेला ओढा सोसत उभ्या असलेल्या माणसाचा हात बक्कलापाशी होता.

त्याने उघडलं तर? सकाळपासून ती ज्याची वाट बघत होती तेच होऊ नये, म्हणून ती माळजाईचा धावा करू लागली.

बाहेर जालिंदर ओरडत होता. माणसाचा तसा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. पण ब्लोअरची घरघर तशीच चालू होती. तिने गार्गीला बखोटीला धरून घडीतून ओढून काढलं, छातीशी कवटाळलं आणि घसरत, कोलमडत दारातून बाहेर पडली. पाठोपाठ कापड फाटल्याचा मोठा आवाज झाला. मेखा जागच्या हलल्या नाहीत, पण मागचा बुरूज दोराच्या कडीपाशी उसवला आणि जिथे गार्गी बसली होती ती जागा हवेत उंच जाऊन खडकावर आदळली.

वावटळ माळ ओलांडून गेली. जालिंदर गुडघ्यांवर बसला होता. बक्कल मिटलेलंच होतं. "समदी निघाली?" त्याने विचारलं. कुणीतरी हो म्हणाल्यावर मग त्याने ते उघडलं आणि आडवा झाला.

दिवेलागणीला देवळाच्या मांडवात अख्खं गाव जमलं. डॉक्टरांनी जालिंदरच्या छातीला घट्ट पट्ट्या बांधल्या होत्या. दोन बरगड्या मोडल्या होत्या. गार्गीच्या आईने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. कमिटीने हार आणला, शाल आणली, हलगी वाजली. हर्षदा खांबाआड उभी राहून बघत होती. ज्याला मातीत घालायला ती आली होती त्याला तिने देव करून ठेवलं होतं! इतक्या वर्षांच्या मेहनतीचं हे फळ!

जालिंदरला बोलायला सांगितलं. तो खुर्ची धरून कसाबसा उठला. "हार घालू नका," तो म्हणाला. "माझं आयका. त्या सालाला, छायावैनीचा सुजय गेला त्या सालाला, पिंपं काठोकाठ न्हवती. मी खोटं बोललो. पाणी मीच दिलं वाटून आन्‌ रस पीत बसलो. मला वाटलं, अर्धं पिंप काय न्‌ भरलं पिंप काय, दोर तर बांधलाय. दोराला किती ओढ लागती ते आज कळलं मला. आज माझ्या हाडांनी मोजलं." तो थांबला. "एवढी ओढ असती, आन्‌ मी पाणी वाटत हुतो."

त्याच्या समजुतीप्रमाणे हाच खरा ओढा होता. कायद्याचा पट्टा याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच आवळतो, हे त्या मांडवात एकट्या हर्षदाला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

छाया उठली. तिने कमिटीवाल्याच्या हातातला हार घेतला आणि त्याच्या गळ्यात घातला. मग गावाकडे वळून बोलली. तिचा आवाज चढला नाही की कापला नाही.

"आण्णांनी आज पोरं वाचवली. कशामुळं वाचवली? शेजाऱ्याच्या पट्ट्याला काय कळलं न्हाई, ह्यांच्या पट्ट्याला आधी कळलं. म्हंजे ह्योच ताण बराबर. अध्यक्ष म्हणून मी ठराव मांडते. आण्णांच्या पट्ट्याचा ताण आज हाय तोच कायम राहावा, कमी करू नये. आन्‌ आण्णांनी दर सालाला, जिवात जीव हाय तवर, ह्याच माळावर ह्याच जागी किल्ला लावावा. गावची पोरं त्यांच्या हाती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो मान वाटला. जालिंदरचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्याचा हात आपोआप छातीवरच्या पट्ट्यांकडे गेला. पण गळ्यात हार होता, पुढ्यात सुजयची आई उभी होती, आणि आत्ताच त्याने जे कबूल केलं होतं त्यानंतर नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. त्याने हात जोडले.

सगळे हर्षदाकडे वळले. ताण कायमचा करायचा तर यंत्रावर तिचा अंगठा लागायचा, आणि एकदा लागला की पुन्हा कुणालाही तो बदलता येत नसे. ती पुढे आली. एक वाक्य बोललं की पुरे होतं, हा ताण तिप्पट आहे, चुकून राहिला, दुरुस्त करते. ते वाक्य जिभेवर आलंही. समोर मोडलेल्या बरगड्यांचा एक म्हातारा होता, ज्याने तिच्यासाठी बक्कल मिटून धरलं होतं. तिने ते पाहिलं. मग तिला पिंपांपाशी उभी असलेली, हातात वितळता लाल गोळा धरलेली पोरगी दिसली, आणि बुरुजाच्या जाळीतून ताईला हात करणारा सुजय दिसला.

तिने अंगठा ठेवला. यंत्र एकदा वाजलं आणि बंद झालं.

"तुमच्या यंत्रानं माझं डोळं उघडलं, ताई," जालिंदर म्हणाला. तिने यंत्र पिशवीत टाकलं.

मायलेकी घराकडे निघाल्या. माळावर दुकानांचे दिवे लागले होते आणि रसवंतीची घुंगरं वाजत होती.

"सकाळी कंबरेला बांधला तवाच कळलं मला," छाया म्हणाली. "गेल्या सालाला बी मी कमिटीत हुते, मीच घातला हुता, घसरगुंडीवाल्याचा. त्यो इतका आवळत न्हवता."

हर्षदा जागीच थांबली. "मग बोलली का नाहीस?"

"तवा बोलले न्हाई त्याचं वेगळं हुतं. तू एकटी राहिली हुतीस. तुला घेऊन मला ह्याच गावात जगायचं हुतं." छायाने पदर डोक्यावर सारखा केला. "आज कशाला बोलू?"

एवढी वर्षं ज्या घरात आपण एकटीच जळतोय असं तिला वाटत होतं, त्या घरात दुसरी चूल तिच्यापेक्षा जुनी होती. तिने आईचा हात धरला. लहानपणी जो हात तिच्या तोंडावर दाबला गेला होता, तोच.

"फार केलं का गं मी?" तिने विचारलं.

छायाने थोडा विचार केला.

"मला वाटलं हुतं," ती म्हणाली, "तू आनखी आवळशील."

मागून वाऱ्याची एक झुळूक आली. दोघींनी वळून पाहिलं. मांडवाच्या उजेडात जालिंदर खुर्चीत बसलेला दिसत होता. कंबरेला आता पट्टा नव्हता, तरी झुळूक लागताच त्याने दोन्ही हातांनी कूस धरली. दोघींनी ते नीट बघून घेतलं आणि मग त्या पुढे चालू लागल्या.